काळजी विठोबावर टाकायची म्हणजे नक्की करायचं काय

उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, पडतो आणि आमच्या निफाड तालुक्यात निम्म्या घरांची झोप उडते. कांदा शेतात असेपर्यंत पाणी, खुरपणी, फवारणी असं काही ना काही करता येतं. चाळीत गेला की बघत बसायचं. भाव वाढेल म्हणून ठेवायचा, तर तो वजनाला घटतो, पावसाळी हवेत सडतो, कोंब फुटतात. घाबरून विकावा, तर दुसऱ्या दिवशी लिलावात भाव चढलेला. दिवाळीपर्यंत हेच. त्यात गावच्या शेती सोसायटीचं पीककर्ज, पोराची पुण्यातली नोकरी, आमच्या ह्यांची शुगर.

भजनी मंडळात असलं काही निघालं की कुणीतरी म्हणतंच, "देवावर सोड ग बाई." सांगणारीचं मन चांगलंच असतं. पण ऐकणारी घरी जाते ती काळजी तशीच पदरात घेऊन, कारण सोडायचं कसं हे कुणी सांगत नाही. मला ते आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूने, दाखवलं. थोडं वारीत शिकले, थोडं माझं मीच जुळवलं. मी कीर्तनकार नाही. दहावी झालेली, गळ्यात तुळशीची माळ असलेली, कांदा करणारी बाई आहे. तुमचा देव दुसरा असेल, धंदा दुसरा असेल, तर विठोबाच्या आणि कांद्याच्या जागी तुमचं नाव घाला.

आधी वही

संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी पाच-दहा मिनिटं काढायची. वहीची समोरासमोरची दोन पानं उघडायची. डाव्या पानावर मनाला जे कुरतडतंय ते लिहायचं, एका ओळीत एकच. "घरचं टेन्शन" असं लिहायचं नाही, त्याचं काहीच करता येत नाही. "पश्चिमेकडून पाऊस चाळीत शिरेल" असं लिहायचं. "मुलीच्या सासरी दिवाळसणाला कमी पडेल" असं लिहायचं. लिहिताना लाज वाटेल अशी बारीकसारीक काळजी पण लिहायची, कारण बहुतेक वेळा रात्री तीच उठवते.

मग उजव्या पानावर, त्याच ओळीसमोर, त्यातलं उद्या माझ्या हाताने काय होणार आहे ते. उद्या म्हणजे उद्याच. पुढच्या महिन्याचं काम असेल तर तारीख टाकायची आणि ती ओळ झाकायची.

माझ्या वहीतल्या काही ओळी सांगते, म्हणजे नीट कळेल.

"कांदा सडेल." समोर: ताडपत्री बांधणे, खालच्या अंगाने वास बघणे, सडके आणि काजळी आलेले काढून लांब टाकणे.

"सोसायटी." समोर: सचिवांकडून नक्की आकडा लिहून आणणे, ३१ मार्चच्या आत भरणे. वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज पडत नाही, हे कळायच्या आधी मी त्या कर्जाला उगाच दुप्पट भीत होते. पुष्कळ काळज्या आकडा माहीत नसल्यामुळे फुगलेल्या असतात.

"पोराची नोकरी राहील का." समोर: रविवारी फोन करणे. नोकरीचं विचारायचं नाही, जेवणाचं विचारायचं.

"भाव पडेल." समोर काही नाही. म्हणजे एकदा बसून ठरवलेलं आहे की सगळा कांदा एका भावाला अडकवून ठेवायचा नाही, तीन टप्प्यांत विकायला काढायचा. ते ठरवणं माझं काम होतं, ते झालं. आता उजवं पान कोरं.

ही कोरी जागा आपल्याला हवी आहे. उजवीकडे जे लिहिलं ते उद्या माझं. उजवीकडे जे कोरं राहिलं, आणि कामं करूनही जे उरलं, ते विठोबाचं. त्याला द्यायचं ते एवढंच.

काही जणी इथेच गडबड करतात. सगळंच देवाला देऊन मोकळ्या होतात. पण ओला कांदा चाळीत भरला तर माळकऱ्याचाही सडतो. काढणीच्या आधी दोन-तीन आठवडे पाणी तोडायचं, पातीच्या माना पडल्या की काढायचा, पातीसकट वावरात सुकवायचा, इंच-दीड इंच नाळ ठेवून पात कापायची, मग दहा-बारा दिवस सावलीत ठेवून जोड कांदा, चिंगळी म्हणजे बारीक कांदा, आणि डेंगळा म्हणजे फुलाचा दांडा आलेला बाजूला काढून मगच चाळ भरायची. थर चार-पाच फुटांच्या वर न्यायचा नाही, खालून वारा खेळला पाहिजे. हे विठोबा करणार नाही. त्याने आपल्याला हात दिलेत, ते कशाला?

अरणचे सावतोबा माळी आमच्या कांदेवाल्यांना फार जवळचे, ते याचसाठी. "कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी" म्हणणारा संत दुसऱ्या कुठल्या पिकवाल्यांना मिळालाय? मोट, नाडा, विहीर, दोरी यांतच त्यांना पंढरी दिसली. ते मळा सोडून पंढरपूरला गेले नाहीत असं सांगतात, आणि विठोबाची पालखीच त्यांच्या भेटीला अरणला जाते. तेव्हा उजव्या पानावरचं काम करणं ही पूजाच आहे असं समजून करावं. माळ घेऊन बसण्यासाठी ताडपत्री बांधायची राहून गेली असं माझ्या घरी होत नाही.

मग तोंडाने सांगायचं

दिवा लावला की वही देव्हाऱ्यासमोर ठेवते आणि कोऱ्या राहिलेल्या ओळी वाचून दाखवते. मोठ्याने. मनातल्या मनात सांगायला गेलं तर दुसऱ्या ओळीला मन चाळीकडे पळतं. आवाज काढला की जीभ आणि कान दोन्ही कामाला लागतात.

शब्द कसले वापरायचे? तुमचेच. आत्याबाई चुलीपुढे बसून म्हणायच्या, "इठ्ठला, हे तुजं. माजं मी केलं." मला तेवढं थोडकं जमत नाही, मी जरा सविस्तर सांगते. "पांडुरंगा, चाळ बांधून झाली, सडका काढला. आता कांद्याला भाव काय यायचा तो तुझ्याकडे. मी आज रात्री त्याचा हिशोब करणार नाही." शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. आपण काय द्यायचं ते सांगतो, पण त्याबरोबर आपण काय करणार नाही हेही सांगायला हवं. नाहीतर देवापुढे ठेवलेलं ताट आरती संपायच्या आत आपणच उचलून आत नेतो.

राग आला असेल तर रागाने सांगा. आपल्याकडे याला मनाई नाही. नामदेव रुसायचे, जनाबाईने तर विठोबाला सरळ "मूळ मायेच्या कारट्या" म्हटलंय. जिथे भांडता येतं तिथे माया असते, परक्यापुढे माणूस गप्प बसतो. माझी एक मैत्रीण देवापुढे फक्त छान छान बोलते आणि घरी येऊन नवऱ्यावर ओरडते. तिला मी म्हटलं, बाई, उलट कर.

यात नवस मिसळू नका. "पंचवीसशेचा भाव दे, मग अभिषेक करीन" असं बोलून बघा, लगेच एक नवी काळजी डोक्यावर बसते: भाव आला तर अभिषेकाचं जमवायचं, नाही आला तर देव कोपला का म्हणून झुरायचं. नवस बोलणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, आमच्या घरातही बोलतात. पण काळजी उतरवायला त्याचा उपयोग होत नाही.

वेळ नसेल तर? रोज तासभर हरिपाठाला बसायला मिळतं अशी बाई आमच्या गल्लीत एकही नाही. ज्ञानोबांनी हरिपाठाच्या पहिल्याच चरणात सोय करून ठेवली आहे, "देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी". क्षणभरी म्हटलंय. गॅसवर दूध ठेवून उभ्या उभ्या सांगितलं तरी चालतं.

मागच्या पानापासून दुसरी यादी

भरवसा ठेव म्हणून भरवसा येत नाही. ज्याच्यावर ठेवायचा त्याने आधी काय केलंय ते आठवल्यावर येतो. तुकोबांचा एक अभंग मी या कामाला वापरते:

का रे नाठविसी कृपाळु देवासी । पोसितो जगासी एकलाचि ॥
बाळा दुधा कोण करितें उत्पत्ति । वाढवी श्रीपति सवें दोन्हीं ॥
फुटती तरुवर उष्णकाळमासीं । जीवन तयांसी कोण घाली ॥
तेणें तुझी काय नाहीं केली चिंता । राहें त्या अनंता आठवूनि ॥

हा अभंग आपण चालीवर म्हणून टाकतो. पण यात तुकोबांनी प्रश्न विचारलेत, आणि प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं. भर उन्हाळ्यात झाडाला पालवी फुटते, पाणी कोण घालतं? आमच्या बांधावरचा कडुनिंब एप्रिलात बघा. विहिरीने तळ गाठलेला असतो आणि तो कोवळ्या तांबूस पानांनी भरलेला. रोज त्याच्याखाली बसून आपण पाण्याची काळजी करतो.

चौथ्या चरणातल्या प्रश्नाचं उत्तर मी वहीत शेवटच्या पानापासून उलट लिहीत येते. "त्याने तुझी काळजी केली नाही का?" केली. कधी, कशी, कुणाच्या हातून, ते लिहायचं. अवकाळी पाऊस आला त्या रात्री कांदा वावरात उघडा होता, आणि शेजारचे भाऊ स्वतःची ताडपत्री घेऊन न बोलावता आले. लिहिलं. ह्यांना चक्कर आली तेव्हा पिकअपवाला नेमका दारात होता. लिहिलं. नणंदेने मागायच्या आधी पैसे पुढे केले आणि परत मागताना कधी तोंड वाकडं केलं नाही. लिहिलं, दोनदा. मुलीच्या बाळंतपणात दवाखान्यातल्या एका सिस्टरने ड्यूटी संपल्यावरही थांबून घेतलं. तिचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून "सिस्टर" असंच लिहिलंय.

यादी वाढली तसं एक दिसायला लागलं. आकाशातून काही पडल्याची ओळ तिच्यात नाही. प्रत्येक ओळीत माणूस आहे. माझी समजूत अशी आहे की विठोबाला काही पाठवायचं असलं तर तो शेजाऱ्याच्या हाती देतो. म्हणून काळजी देवाला सांगताना ती निदान एका माणसालाही सांगा. घरची इज्जत म्हणून दार लावून बसलं तर येणाऱ्याने आत यायचं कसं? मी जावेला सांगते. तिला सल्ला देता येत नाही, आणि ते बरंच आहे.

ही यादी रोज वाचायची गरज नाही. ज्या दिवशी देव्हाऱ्यासमोर बसवत नाही, त्या दिवशी वही उलटी उघडायची.

सोपवायची सवय आधी माणसांवर करा

हे मला वारीने शिकवलं, आणि मला वाटतं सगळ्यात उपयोगी हेच आहे.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा असते. आमच्या भागातल्या दिंड्या पायी जातात. आषाढीची वारी सगळ्यांना माहीत आहे, पण आम्हा नाशिककरांची ही घरची वारी. दिवस जानेवारीचे, म्हणजे निफाडच्या थंडीचे. पहाटे तोंडातून वाफ निघते, द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात. आणि नेमकी तेव्हाच उन्हाळ कांद्याची लागवड चालू असते. रोप तयार, मजुरांची टोळी आज मिळेल तर उद्या नाही, विजेची पाळी रात्रीची. अशा वेळी घर सोडून चालत निघायचं.

पहिल्यांदा निघाले तेव्हा लागवड जावेवर सोपवली. सोपवली म्हणायची, पण पहिल्या मुक्कामापर्यंत पाच फोन केले. वाफे ओले केले का, रोप फार दाट लावत नाहीत ना, बायकांना चहा दिला का. शेवटी दिंडीतल्या एक म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "तू तिला वावर दिलंस का नुसतं दाखवलंस?" मी फोन पिशवीच्या तळाशी टाकला.

परत आल्यावर बघितलं, जावेने माझ्यासारखं लावलं नव्हतं. तिच्या पद्धतीने लावलं होतं. कांदा आला.

देवावर सोपवणं याच्याहून वेगळं नाही, फक्त तिथे फोन नसल्यामुळे आपण मनातल्या मनात लावत बसतो. म्हणून सराव माणसांवर करा. आठवड्यातून एक काम दुसऱ्याला पुरतं द्या. सुनेला स्वयंपाक दिला तर मिठाचं विचारू नका. नवऱ्याला बाजार समितीत पाठवलं तर हिशोबपट्टी येईपर्यंत फोन करू नका, वांधा, म्हणजे मालावरून व्यापाऱ्याशी वाद, निघाला तरी तो निस्तरेल. काम आपल्याला हवं तसं झालं नाही आणि तरी झालं, हे चार-पाच वेळा डोळ्यांनी बघितल्यावर विठोबाकडे सोडताना हात कमी थरथरतो.

दिंडीत आणखी एक गोष्ट आपोआप होते. वळकटी गाडीत, अंगावर टाळ आणि पाण्याची बाटली. संध्याकाळी काय खायचं हे सकाळी ठाऊक नसतं. वाटेवरच्या वस्तीत कुणीतरी पिठलं-भाकरीची पंगत घालतं, कुणी गुळाचा चहा देतं, कुणी अंगण झाडून झोपायला देतं. त्यांची आपली ओळख नसते. "जेथें जातों तेथें तूं माझा सांगाती" हे घरात गादीवर बसून म्हणणं आणि परक्याच्या ओसरीवर पाय चोळत म्हणणं यात फरक पडतो. ज्यांना चालणं झेपत नाही त्यांनी पंगतीत वाढायला जावं. वाढणाऱ्यालाही तेच कळतं.

रात्री दोन वाजता

वर सांगितलेलं सगळं केलं तरी कधी कधी रात्री जाग येतेच. त्याचा धसका घेऊ नका. आत्याबाईंनाही यायची, त्या उठून अंगणात तुळशीपाशी बसायच्या.

पहिलं काम, मोबाईल झोपायच्या खोलीत ठेवायचा नाही. बाजारभावाचे ग्रुप रात्री अकरालाही चालू असतात. कुणीतरी लासलगावच्या कांदा बाजाराचा आकडा टाकतो, कुणी बांगलादेशाचं काहीतरी टाकतो, कुणी मागच्या वर्षीचीच बातमी आजची म्हणून टाकतो. लिलाव सकाळी उघडणार. रात्रीच्या त्या माहितीने एक किलो कांदासुद्धा विकला जात नाही.

दुसरं, जाग आल्यावर विचारांशी वाद घालायचा नाही. "कसं होईल" ला "होईल नीट" असं उत्तर दिलं की लगेच "आणि नाही झालं तर" येतं. त्यापेक्षा तोंडात नाम ठेवायचं. श्वास आत घेताना "राम", सोडताना "कृष्ण", पुढच्याला "हरी". मोजायचं नाही. मन पळालं तर पळू दे, आल्यावर परत लावायचं. बहुतेक वेळा झोप लागते. नाही लागली तरी तेवढा वेळ हिशोबात गेला नाही.

तरीही तळमळ थांबली नाही तर उठून हाताला काम द्या. जनाबाई दळता-कांडता नाम घ्यायची. आता जातं नाही, पण लसूण सोलता येतो, तांदूळ निवडता येतात. मी शेंगा फोडते. ह्यांना आवाजाने जाग येते आणि ते कुरकुर करतात, पण सकाळी शेंगदाणे तयार असतात.

भाव येत नाही, हेही सांगते

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की भरवसा ठेवला की काम होतं. तसं नाही. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी लागली, तेव्हा लाल कांदा काढणीला आलेला होता. भाव पटकन खाली बसले. बंदी आधी ३१ मार्चपर्यंत म्हणून होती, ती पुढे लांबली, ४ मे २०२४ ला उठली तेव्हा वर ४० टक्के शुल्क आलं. त्या हंगामात वही होती, दिवा होता, हरिपाठ होता. पैसे झाले नाहीत. ज्यांनी कधी देवाला हात जोडला नाही त्यांनाही तोच भाव मिळाला.

मग फायदा काय, असं पोरगा विचारतो. त्याला मी सांगते की त्या वर्षी नुकसान झालं ते तेवढंच झालं. त्याच्यावर घरातली भांडणं, ह्यांची औषधं चुकणं, माझं जेवण तुटणं हे आणखी नुकसान झालं नाही. त्याआधीच्या मंदीत ते झालं होतं.

आणि "का रे नाठविसी" म्हणणाऱ्या तुकोबांचं काय झालं होतं ते विसरू नये. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात सावकारी बुडाली, गुरं गेली. त्यांनीच लिहून ठेवलंय, "स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली". घरात भुकेने मरण पाहिलेला माणूस सांगतोय की विश्वंभर सगळ्यांना पोसतो. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी ऐकलं नसतं. त्यांनी याचा मेळ मनात कसा घातला हे मला पुरतं कळलेलं नाही, पण पोट भरलेल्या माणसाचं ते बोलणं नाही एवढं नक्की.

त्यांच्या चरित्रातली एक गोष्ट मी या बाबतीत फार जपते. लोकांकडून येणं असलेल्या पैशांची खतं, म्हणजे कर्जाचे कागद, त्यांनी इंद्रायणीत बुडवायला काढली. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, माझा संसार आहे, माझं काय? तुकोबांनी निम्मी खतं त्याला देऊन टाकली आणि स्वतःच्या वाट्याची तेवढी बुडवली. कीर्तनात बुडवलेल्या खतांवर जोर असतो. मला न बुडवलेली जास्त शिकवतात. देवावरचा भरवसा माझा आहे, तो मी माझ्या वाट्यावर लावावा. भावाच्या वाट्यावर लावू नये.

म्हणून शेजारणीचा कांदा सडला असेल तर तिच्या दारात उभं राहून "देव बघेल" म्हणू नका. तिने स्वतः म्हटलं तर मान हलवा. आपण जाताना भाकरी-कालवण न्यायचं, निवडायला दोन हात द्यायचे, पोरांना घरी घेऊन यायचं. तिच्या यादीत आपलं नाव लागायची ती वेळ असते, शिकवायची नसते.

कुठे थांबायचं

काही काळजी वहीने, नामाने, जावेशी बोलून हलत नाही. पंधरा-पंधरा दिवस झोप नाही, अन्न जात नाही, छातीत धडधडतं, कशातच रस नाही, किंवा घरातला माणूस "माझ्यामागे तुमचं सुटेल" असलं काही बोलायला लागला, तर तो आजार आहे. डॉक्टरकडे न्या. त्या माणसाला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं कुलपात ठेवा. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट लागतो, चोवीस तास, मराठीत बोलतात. "माझी देवावर श्रद्धा आहे, मला गोळ्या कशाला" असं म्हणणाऱ्याला मी विचारते, शुगरची गोळी घेता ना? आमचे हे घेतात, विठोबाने कधी राग मानला नाही. हे वहीच्या उजव्या पानावरचं काम आहे, देव्हाऱ्यापुढे ढकलायचं नाही.

ज्यांना देव जमत नाही त्यांच्याबद्दलही लोक विचारतात. माझा पोरगाच तसला आहे. तो डावं-उजवं पान लिहितो, मोबाईलमध्ये, आणि कोऱ्या ओळींचं काय करतो ते मी विचारत नाही. सोपवलं की विचारायचं नाही असं मीच वर लिहिलंय.

वहीबद्दल शेवटचं. रेघांची घ्या, शंभर पानी पुरते. हिशोबाची लांबडी वही घेऊ नका, घरातले तिच्यात दुधाचे लिटर आणि मजुरांच्या हजऱ्या लिहायला लागतात, आणि मग संध्याकाळी देवापुढे "गंगूबाई अर्धा दिवस" असं वाचलं जातं.